राईस मिलमधली हवा

माय, तू कामाला जायचीस ती राईस मिल आता भंडाऱ्याच्या वस्तीत आली आहे. मिल जागची हलली नाही, शहरच तिच्याकडे सरकत गेलं. तुझ्या वेळी मागे धानाची शेतं, बांध्याच बांध्या होत्या, तिथं फ्लॅट झाले. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर मिलच्या धुराड्याची काळी राख पडते, म्हणून तिथले लोक मिल हटवा म्हणतात. आणि मी आता हवेचं काम करते. भराभर वाढणाऱ्या शहरांत हवा कशानं बिघडते, काय केलं तर सुधारते, हे शोधायला नागपूरचे, रायपूरचे आणि आम्ही इथले लोक एकत्र बसतो. छातीचे एक डॉक्टर आहेत, हवा मोजणारी यंत्रं बसवणारे आहेत, नगरपरिषदेच्या एक बाई आहेत. तू ऐकलं असतंस तर हसली असतीस. "हवा का मोजाची चीज हाये का वं?"

एक दुपार मला फार आठवते. शाळा लवकर सुटली म्हणून मी तुला शोधत मिलमध्ये शिरले. आत सगळीकडे तूस उडतंय, पाखडणाऱ्या बायांची फक्त सावली दिसते. तू नाकाला पदर बांधलेला. मला पाहताच दंड धरून बाहेर ओढत आणतेस आणि ओरडतेस, "इथं काहून आली? पुन्हा दिसली तं तंगडी तोडीन!" मालकाच्या भीतीनं ओरडलीस असंच मला तेव्हा वाटलं. मग तू भिंतीला हात टेकून कितीतरी वेळ खोकत राहिलीस.

गच्च्यांवर आमची यंत्रं लागली तेव्हा ती दुपार डोक्यातून जाईना. बैठकीत मी म्हटलं, बाहेर पडणारी राख आपण मोजतो, पण दिवसभर आत उभ्या असलेल्या बायांचं काय? सगळ्यांना पटलं. मालक मात्र आत यंत्र ठेवू देईना. तुझ्यासोबत कोंढा गावाहून आलेली मावशी अजून तिथंच कामाला आहे. ती म्हणाली, "लहानसंच हाये ना? बांध माह्या कमरेले. मी नाई भेत." मी भीत होते. तरी बांधलं.

आतली हवा गच्चीवरच्या हवेपेक्षा कितीतरी वाईट निघाली. आम्ही मालकाला ते सांगितलं, यंत्र कुणी बांधलं होतं ते सांगितलं नाही. त्यानं ओळखलंच. मावशीला उद्यापासून येऊ नको म्हणाला. त्या दिवसांत मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन नुसती बसायची, आणि तीच मला समजवायची, "चहा पी. तू कायले रडून राहिली? काम माहं गेलं."

मग बाकीच्या बायाही फाटकाच्या आत जाईनात. मावशीच्या वस्तीतल्या बुद्ध विहाराच्या अंगणात बैठक झाली. डॉक्टर आले, रायपूरचे आले, शेवटी मालकही आला. त्यानं आल्याआल्याच विचारलं, "तुम्हाले मिल बंद करायची आहे का?" आम्ही उत्तर जुळवत होतो, तोवर एक बाई उठली. "बंद नाई पायजे साहेब. तूस उडते तिथं झाकण पायजे. अन् हिले कामावर घ्या." रायपूरच्या एका मिलमध्ये तूस बाहेर फेकणाऱ्या पंख्याच्या तोंडावर बंद खोली बांधली होती. ती कशी बांधली ते रायपूरच्या लोकांनी अंगणातच जमिनीवर खडूनं काढून दाखवलं.

मालकानं मानलं आणि मावशी परत कामावर गेली. खोलीही बांधून झाली. आतली हवा सुधारली, पण पुरेशी नाही. फ्लॅटवाले अजून रागात आहेत आणि मालकाचं मन कधी फिरेल याचा भरवसा नाही. रोज सकाळी मी आधी यंत्रावरचे आकडे बघते आणि मग काही ना काही निमित्त काढून मावशीला फोन करते. ती खोकली की माझं बोलणं तुटतं.

परवा तिनं मला विचारलं, "तुही माय कायनं गेली, ते तुह्या मशीनले समजते का?" मी म्हटलं, यंत्र मागचं सांगत नाही. ते खरंच आहे. पण डॉक्टर प्रत्येक बैठकीत माझ्या शेजारी बसतात, आणि तुझ्या खोकल्याबद्दल मी त्यांना एकदाही विचारलेलं नाही. हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून तुला सांगते. माय, डॉक्टर काय म्हणतील हे मला माहीत आहे, आणि मला ते ऐकायचं नाही.