गॅलापागोसला जायचा योग्य महिना

१ जून २०२५, रविवार
ही वही खताच्या दुकानात फुकट मिळाली. कुणाला दाखवायची नाही. फक्त माझ्या नियोजनासाठी.
यंदा गॅलापागोस, दक्षिण अमेरिकेजवळची बेटं. विषय संपला.
दोन वर्षांपूर्वी संजीवनीनं टीव्हीवर तिथला निळ्या पायांचा एक पक्षी बघितला. मादीपुढं एक पाय उचलतो, ठेवतो, मग दुसरा उचलतो. ही तोंडाला पदर लावून हसत बसली. चहा उतू गेला. म्हणाली, ह्यो मला खराखुरा बघायचा हाय. एकतीस वर्षांच्या संसारात बायकोनं तोंडानं मागितलेली ही पहिलीच गोष्ट. मी तिथल्या तिथं म्हटलं, दाखवतो. दोघांचे पासपोर्टही काढले. कपाटात आहेत, तिच्या साड्यांखाली.
तेव्हापासून फक्त महिना ठरायचा बाकी आहे. लोक म्हणतील, महिना ठरवायला दोन वर्षं लागतात का? लोकांना अभ्यास म्हणजे काय ते ठाऊक नाही.

४ जून, बुधवार
प्रतिक्षानं बारामतीहून माहितीपत्रक पाठवलं. लग्न होऊन गेली तरी पोरगी बापाच्या कामाला येते. सोळा माणसांचं छोटं जहाज. मी चार रंगांच्या पेनांनी तक्ता केला.
जानेवारी ते मे: समुद्र शांत, पाणी कोमट, मधूनच पाऊस. जून ते नोव्हेंबर: पाणी गार, लाटा मोठ्या, पण पेंग्विन जोरात. अल्बट्रॉस म्हणून एक मोठा पक्षी आहे, तो जानेवारीत गेला की एप्रिलपर्यंत येतच नाही. म्हणजे कुठल्याही महिन्यात गेलं तरी काहीतरी चुकणार. हे वाचून बरं वाटलं. म्हणजे वाईट वाटलं.
जहाजावरून बेटावर रबरी होडीनं नेतात. काही ठिकाणी होडीतून थेट पाण्यात उतरायचं. हे वाक्य लाल पेननं अधोरेखित केलं. सहज.

१९ जून
सकाळी: फेब्रुवारी पक्का. समुद्र शांत.
दुपारी: फेब्रुवारी रद्द. डाळिंबाचा आंबे बहार, म्हणजे उन्हाळ्यातला फुलोरा, धरला तर तेव्हाच बागेला पाणी सोडावं लागतं. तीन एकर डाळिंब वाऱ्यावर सोडून कसं जाणार?
संजीवनी म्हणाली, अवो, मग आंबे बहार नका धरू, मृग धरा. मृग धरला तर माल नोव्हेंबर-डिसेंबरात काढणीला येतो. तेव्हाही जाता येत नाही. तिला बहाराचं गणित नीट समजावून सांगितलं. ती ऐकत भाजी निवडत होती. शेवटी म्हणाली, दरसाली बहार बदलताय, झाडास्नी बी कळंना झालंय.

७ जुलै
शेततळ्यातली मोटर अडली. पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह बघायला दोर धरून आत उतरावं लागतं. शेजारच्या दादासाहेबांच्या गड्याला बोलावलं. पोहता येतं मला. पण मालकानं स्वतः शेततळ्यात उतरणं बरं दिसत नाही.
निश्चय: उद्यापासून पहाटे सूर्यनमस्कार. जहाजावर तोल राखायला उपयोगी.

८ जुलै
सूर्यनमस्कार नाहीत. ढगाळ.

२२ जुलै, मंगळवार
संजीवनीला बारामतीला डॉक्टरकडं नेलं. उजवा गुडघा झिजलाय. मी गाडी लावायला गेलो होतो, त्यामुळं पुढचं प्रतिक्षाकडून कळलं. डॉक्टर ऑपरेशनचं बोलत होते तर हिनं त्यांना मधेच थांबवून विचारलं, मला होडीतनं उतरता यील का? डॉक्टर म्हणाले, आत्ता येईल. वर्षभरानं सांगता येत नाही.
म्हणजे अजून वर्ष आहे हातात. घाई नको.
प्रतिक्षा म्हणाली, बाबा, तुमी आईला खेळवताय. मला राग आला. जेवलो नाही. नंतर जेवलो.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
झेंडावंदनानंतर ग्रामपंचायतीपुढं दादासाहेबांचा सत्कार. सहा दिवस दुबईला जाऊन आले म्हणून फेटा, शाल, श्रीफळ, आणि चौकात फ्लेक्स. आमच्या कळस गावात परदेशी जाणाऱ्याला असं सोडत नाहीत. दादासाहेब पाऊण तास बोलले. लिफ्टवरच वीस मिनिटं.
मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठलो ते फक्त अभिनंदन करायला. पण तोंडातून निघून गेलं की नोव्हेंबरात आम्ही उभयता गॅलापागोसला जातोय. टाळ्या. दादासाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ती दोन मिनिटं फार छान गेली.
घरी आलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. संजीवनी दारात उभी. नुसती माझ्याकडं बघत होती, लग्नात बघत होती तशी. मी हातपाय धुवायला मागं गेलो आणि बराच वेळ तिथंच थांबलो.

३० ऑगस्ट
हिनं इंदापूरहून पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. संध्याकाळी शेततळ्याच्या भरावावर चढायचा-उतरायचा सराव करते. गुडघ्याला पट्टा. लुगड्याखाली पांढरे बूट. पोरीसारखी दिसते. मी घरातून बघतो.
जहाजाचं बुकिंग करणाऱ्या एजंटचा दोनदा फोन. उचलला नाही. रेंजचा प्रॉब्लेम.

२ ऑक्टोबर, दसरा
एकाच दिवसात दोन गोष्टी.
एक: चौकात आमचा फ्लेक्स लागला. दादासाहेबांनीच पुढाकार घेतला. 'रामहरी तात्या व सौ. संजीवनीताई यांना परदेश दौऱ्यानिमित्त हार्दिक शुभेच्छा.' मला गॉगल लावलाय. मी आयुष्यात गॉगल लावलेला नाही. मागं पेंग्विन, आणि पेंग्विनच्या मागं दुबईचा टॉवर.
दोन: मी बागेला पाणी सोडलं. हस्त बहार धरला.
ठिबक सुरू झालं तेव्हा संजीवनी बांधावर उभी होती. म्हणाली, म्हंजी नोव्हेंबरात बाग फुलावर येनार. मी म्हटलं, निसर्ग कुणासाठी थांबत नाही. ती म्हणाली, व्हय. निसर्ग न्हाय थांबत.
एवढंच. मग आपट्याची पानं घेऊन ओवाळायला आली. मला तिच्या डोळ्यांकडं बघवेना.

२५ ऑक्टोबर
एजंटला फोन केला. विचारलं, लाटा केवढ्या? म्हणाला, थोडंफार हलतं, सगळ्यांना सवय होते. विचारलं, किती खोल? म्हणाला, साहेब, समुद्र आहे.
बुकिंग केलं नाही. मनात फेब्रुवारी आहे.
गावाला सांगायचं कसं, यावर विचार चालू. उद्या सांगतो.

९ नोव्हेंबर
सांगितलं नाही.
संजीवनीला आज सांगितलं, निघायच्या आदल्या दिवशी. म्हटलं, तांत्रिक अडचण. ती बॅग भरत होती. भरायची थांबली नाही. म्हणाली, आता काय करायचं म्हनताय? मी योजना सांगितली. ऐकून पलंगावर बसली. म्हणाली, रामा, ह्ये कसलं भोग. मी पुढचं ऐकायला थांबलो नाही, गाडीत डिझेल बघायला गेलो.

१० नोव्हेंबर, सोमवार
निघालो. चौकात सगळं गाव. हार, नारळ, हलगी. बायकांनी हिला ओवाळलं. कुणी म्हणालं, ताई, आमच्यासाठी शंख आना. ही सगळ्यांना हात जोडून हसत होती. माझ्यासाठी. पायात पांढरे बूट.
गाव मागं पडल्यावर तिनं गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला. पाऊण तासात आमचा परदेश आला: बारामती, प्रतिक्षाचा फ्लॅट, तिसरा मजला.
आज स्वतःची लाज वाटली. लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

१४ नोव्हेंबर
लाज गेली नाही.
दिवसभर पडदे लावून बसतो. प्रतिक्षा माझ्याशी बोलत नाही. संजीवनी बोलते, पण जेवायला वाढू का, एवढंच. खाली भाजी आणायला गेलो तर कळसचे दोघं दिसले. फ्लॉवरच्या ढिगामागं वाकून बसलो. भाजीवाली म्हणाली, काय हरवलं का, बाबा? म्हटलं, व्हय.

२३ नोव्हेंबर
परत आलो. सगळे विचारतात, कसा झाला दौरा? पहिल्याला म्हटलं, छान. एकदा छान म्हटल्यावर मग थांबता येत नाही. कासवं ट्रॅक्टरच्या चाकाएवढी. अल्बट्रॉस आला तर सावली पडते. लाटा? लाटांचं काय विशेष नाही, म्हटलं.
शंख मागणाऱ्या बाईला सांगितलं, तिथून काही आणायला बंदी आहे. हे मात्र खरं आहे. माहितीपत्रकात आहे.
बागेत फुलं चांगली लागलीत. मी नसताना काहीही अडलं नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.
शाळेच्या निकिता मॅडमनी व्याख्यानाला बोलावलं होतं. 'गॅलापागोस: प्रत्यक्ष अनुभव.' नाही म्हणता आलं नाही. तक्ता घेऊन गेलो. वीस मिनिटं बोललो. निळ्या पायांच्या पक्ष्याचा नाच करून दाखवला. मुलं हसली, दादासाहेबसुद्धा हसले. मला क्षणभर खरंच वाटलं की मी गेलो होतो.
मग मॅडम म्हणाल्या, ताईंनीही दोन शब्द बोलावेत. संजीवनी गुडघा धरून सावकाश उठली. म्हणाली, आमी कुटं गेलो न्हाय. बारामतीला लेकीकडं व्हतो तेरा दिस. यान्ला पान्याची भीती वाटती, लग्नाआधीपास्नं. मला ठावं न्हाय असं यान्ला वाटतं. भीती वाटन्यात काय न्हाय. पन पोरांम्होरं खोटं बोलू नये. मी बी त्या दिशी हार घालून हसले, मला बी माफी करा.
आणि बसली.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दादासाहेबांनी उठून माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला.
ही गोष्ट मी या वहीतही लिहिली नव्हती.

१५ डिसेंबर
फ्लेक्स कुणीतरी उतरवून नेला. गुपचूप, पहाटे. बहुतेक दादासाहेब. चांगला माणूस आहे. मी त्याच्याबद्दल वाईट लिहिलं.
संजीवनीचा गुडघा थंडीनं आखडलाय. आता काठी घेते. वर्ष हातात आहे असं मी लिहिलं होतं.

१८ जानेवारी २०२६, रविवार
संजीवनी म्हणाली, मंगळवारी मी उजनी धरनाला जानार हाय. कुंभारगावला. रोहित पक्षी आल्यात. प्रतिक्षाला सांगितलंय.
कुणाला विचारलं नाही, तक्ता नाही. मंगळवार, बस्स. हे गुलाबी फ्लेमिंगो दरवर्षी आमच्याच तालुक्यात येतात. मी म्हटलं, मीही येतो. म्हणाली, या.
निश्चय: होडीत बसायचं. दोन दिवसांत मनाची तयारी.

२० जानेवारी, मंगळवार
सकाळी साडेसातला कुंभारगावच्या काठावर. गार वारा. नावाड्यानं तिघांना लाइफ जॅकेटं दिली. मी सगळ्यात आधी घातलं, बंदही आवळले.
संजीवनीनं बूट काढून माझ्या हातात दिले. नावाड्यानं दोन्ही हात धरून तिला होडीत घेतलं. गुडघा दुखला असावा, ओठ दाबले तिनं. मागून प्रतिक्षा बसली. एक फळी रिकामी राहिली.
मी काठावर उभा. दोन वर्षं रोज विचारायची, कवा जायाचं? आज तिनं वळूनही विचारलं नाही. होडी गेली.
मी जॅकेट घालून, मांडीवर बूट घेऊन, दगडावर बसलो. जाणारे-येणारे बघत होते. एकानं विचारलं, आबा, काठाला जाकीट कशापायी?
लांब पाण्यात गुलाबी रेघ दिसत होती. रेघेच्या अलीकडं होडी थांबली. हसण्याचा आवाज आला. तिचाच.
तासाभरानं आले. संजीवनीचा चेहरा फुललेला. म्हणाली, एक पाय उचलत्यात, ठिवत्यात, मग दुसरा. निळं न्हाईत, पन चालतंय.
मी तिचे बूट पुढं केले. ते घालताना तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला. तेवढ्यानं मला धीर आला. विचारलं, पाणी किती खोल होतं गं?
तिनं स्वतःच्या गुडघ्याच्या पट्ट्यावर हात ठेवला.
हितवर, म्हणाली.
मी बंद सोडले आणि जॅकेट नावाड्याला परत दिलं.