गरम वाळूत मानेपर्यंत

आबा, आधी आली ती लेक. इथे अमेरिकेत रेडमंडला, मुलाच्या घराखालच्या मजल्यावर राहते, जपानची. तिची म्हातारी आई मागून, जिन्याचा कठडा धरत. दोघींनी चपला दाराबाहेर काढल्या, तेव्हाच मी सुनेला म्हटलं, ही आपल्यातलीच माणसं. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढे म्हातारी वाकली न् मला काय करू नि काय नको झालं. शिरा आणून ठेवला. मग म्हातारीनं पिशवीतून फोटो बाहेर काढले; ती बोले, लेक इंग्रजीत सांगे, सून मला मराठीत. तिचं बेट क्युशू, जपानच्या पार खालच्या अंगाला. मला बेट म्हणजे आपल्या नदीतलं, चार बाभळी नि टिटव्या, एवढंच ठाऊक. हिच्या बेटावर आगगाड्या धावतात! शहरासमोर खाडी, खाडीपलीकडे धुमसणारा डोंगर. राख पडते म्हणून बायका छत्री घेऊन बाजाराला जातात, आणि त्याच राखेच्या मातीत मुळा येतो तो रांगत्या पोराएवढा. खरं की गंमत, मला अजून कळलेलं नाही.

मग एक फोटो आला. समुद्रकाठी ओळीनं माणसं पुरलेली, नुसती डोकी वर. त्यात हिच्याच तोंडवळ्याची एक बाई, डोळे मिटलेले. बहीण गेली असणार! दुखवट्यातल्या माणसापुढे गोड कसं ठेवायचं? मी बशी झटकन उचलली. म्हातारी हातात चमचा धरून बघतच राहिली. लेक हसत सुटली. सून म्हणाली, "अहो आई, त्याच आहेत त्या! गुडघे दुखतात म्हणून गरम वाळूत झोपल्यात. खालून ऊन पाणी वाहतं तिथं."

मी विचारलं, "कोणालाही झोपवतात?" सुनेला प्रश्नच कळेना. "म्हणजे काय? तिकीट काढलं की कोणालाही."

आबा, गावाकडच्या गरम पाण्याच्या कुंडात मी पाय बुडवला होता, सात वर्षांची असेन. तुम्ही दंडाला धरून ओढलंत. सगळ्यांदेखत म्हणालात, "आपली जागा खाली, पाणी वाहून येतं तिथं." घरी पोचेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाहीत. चिडला होतात की भ्याला होतात? आज तुम्ही असतात तर विचारलं असतं, पण तुम्ही सांगितलं नसतंत.

म्हातारी म्हणते, परतताना तुमचं विमान आमच्याच देशात बदलतं, आठ दिवस राहा, माझ्याशेजारी वाळूत झोपा. मुलगा म्हणतो, "आई, भाषा येत नाही, हरवलीस म्हणजे? ते सगळं कॅन्सल." माझा जीव मात्र त्या वाळूत अडकलाय. काल जिन्यात म्हातारीनं हातानं विमान करून दाखवलं, माझ्याकडे बोट केलं. मी मान डोलावली. आपलं मान डोलावणं तिला हो वाटलं की नाही, कोण जाणे, म्हणून तिचा हात धरून दाबला. मागून लेक म्हणाली, "पासपोर्ट, सॅटरडे," तेवढं मला कळलं.

तिसरी शिकलेली तुमची पोर मी, एवढं लिहायला तीन दिवस लागले. हे टाकणार कुठल्या पेटीत? आणि पोचलं असतं तरी तुम्ही दुसऱ्याकडून वाचून घेतलं असतं, गावभर झालं असतं. मी हो म्हटलंय, हे मुलाला अजून सांगितलेलं नाही. शनिवारी दोघी परत येणार आहेत, माझा पासपोर्ट बघायला. सुनेला वाटतंय, चहाला.