पाचवी मूठ

रविवार, १० जुलै १९३८

पोचले एकदाची! दोंडाईचा स्टेशनपासून तापीकाठच्या या पिंपळथडीपर्यंत बैलगाडीत हाडं खिळखिळी झाली, तरी मी वाटभर हसत होते. बेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या पहिल्या नोकरीवर निघालेली बाई आणखी काय करणार? उद्यापासून मुलींची शाळा. राहायला धुरपदाबाईंची पुढची खोली मिळाली आहे. खिडकीतून थेट नदी दिसते. गावात सगळे त्यांना अक्का म्हणतात. मीही म्हणू लागले. घरात पुरुष चार: थोरला मुलगा अभिमन, त्याचे दोन मुलगे आणि अक्कांचे दीर चुडामणनाना. भावानं दिलेला पेटी-कॅमेरा एवढ्या पावसात कोरडा राहिला, हे विशेष.

शनिवार, १६ जुलै

शाळा सुटली की छत्री आणि पेटी घेऊन मी नदीवर. आज गुडघाभर चिखल तुडवत वरच्या दरडीपर्यंत चढले. एकदा घसरलेही, पण पेटी छातीशी धरून. खाली नावाडी रुपचंदची नाव. तो ओरडला, “बाई, बठ्ठी तापी मावी का त्या डबामा?” सगळी तापी डब्यात मावेल का, म्हणे! नावेतल्या बायका इतक्या हसल्या की फोटो हलणारच होता. परत आल्यावर अक्कांचा फोटो दारात काढला. हलू नका, श्वास धरा, असं सांगितलं तर त्यांनी गालच फुगवले. मग बोट कुठं ठेवतात, खटका कसा दाबतात, सगळं विचारून घेतलं.

मंगळवार, २६ जुलै

दुपारी धान्याच्या अंधाऱ्या कोठीत फिल्म धुतली. थोडं ऊन मिळालं तेव्हा फोटो कागदावर उतरवून घेतले. नाव छान आली आहे. पण नावेच्या मागं, छातीभर पाण्यात, एक तरुण उभा आहे. डावा खांदा उतरता. माझ्याकडे बघतो आहे. तिथं कुणीही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

अक्कांनी फोटो हातात घेतला आणि खालीच बसल्या. म्हणाल्या, “हाऊ मना जीवराम शे.” धाकटा मुलगा. तीन वर्षांपूर्वी नाव उलटली, देह सापडला नाही. त्या फोटोवर पदर फिरवत राहिल्या, जणू त्याचं अंग पुसत होत्या.

रविवार, ३१ जुलै

अक्कांनी विनवलं म्हणून नदीचा फोटो पुन्हा काढला. आता पाणी त्याच्या कमरेशी आहे. मला भीती वाटायला हवी होती. पण अक्का तीन वर्षांनी पोटभर जेवल्या, असं अभिमनची बायको भागाबाई म्हणाली. मग काय बोलणार?

रविवार, ७ ऑगस्ट

आज घरात कानबाई बसली. नारळाला नथ, डोळे, मणी. देवी इतकी जिवंत दिसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळीसाठी, घरातल्या दर पुरुषामागं सव्वा मूठ गहू मोजतात, आणि तो रोट फक्त भाऊबंदांनीच खायचा असतो. पुरुष चार. अक्कांनी पाच वेळा मूठ भरली. अभिमन हळूच म्हणाला, “माय, आते पुरे.” त्यांनी ऐकलं नाही. मूठ वगळली तर मुलगा मेल्याचं कबूल केल्यासारखं होईल. भागाबाईनं सांगितलं, जीवरामचा वाटा त्या दर वर्षी कानबाईबरोबर नदीत सोडतात.

सोमवार, ८ ऑगस्ट

कानबाईचं विसर्जन. घाटावर मी तीन फोटो काढले. पहिल्या फोटोनंतर अक्का जीवरामचा वाटा घेऊन पाण्याकडे गेल्या, थबकल्या, आणि माघारी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, जीवराम घरी येतो आहे, मग त्याचा वाटा नदीला कशाला द्यायचा? “खाई ल्या, बाई. तुम्ही काय परक्या शेतस का?”

मी परकी आहे, हे मला कळत होतं. खायचा नसतो, हेही. पण विधवा झाल्यापासून प्रत्येक घरात मी मोजणीच्या बाहेरची. कुणाच्या तरी मुठीत माझी जागा झाली, या एका विचारानं डोळे भरले. खाल्ला. मग उरलेले दोन फोटो काढले.

गुरुवार, ११ ऑगस्ट

फोटो उतरवले.

पहिला: तो गुडघाभर पाण्यात.
दुसरा: तो पायरीवर. पाण्यात आणखी कुणीतरी, घोट्यापर्यंत.
तिसरा: तो काठावर, कपडे कोरडे. पाण्यात गुडघाभर उभी आहे एक बाई. छातीशी काळी पेटी. चष्म्याची एक काच तडकलेली.

माझी काच दरडीवर घसरले तेव्हाच तडकली होती.

शुक्रवार, १२ ऑगस्ट

दोंडाईच्याला निघाले होते. नाल्याला पूर, गाडी परतली. रुपचंद माझ्याकडे बघेना. म्हणाला, यंदा नदीला जीवरामचा वाटा मिळाला नाही, तो तुम्ही खाल्ला.

खोलीत गुडघ्याएवढं पाणी आहे. अभिमननं जमिनीवर तळवा टेकवून दाखवला, कोरडा. माझं लुगडं मात्र पिळावं लागतं. दर खटक्याला तो एक पायरी वर, मी एक पायरी खाली — एवढंच आहे हे. पेटीत नवी फिल्म आहे, पण आता फोटो काढायचा नाही. कधीच नाही.

अक्का दिवसभर उंबऱ्यावर. मागत नाहीत काही. फक्त बघतात. मी नाही म्हणून मान हलवली तेव्हा त्यांनी नजर खाली केली. आई आहेत त्या, मी —

शनिवार, १३ ऑगस्ट. सकाळ

पाणी गुडघ्याच्या वर. खाटेवर बसून लिहिते आहे.

फळीवर पेटी नाही. रात्री झोपेत खटका ऐकला, तो स्वप्नातला नव्हता तर.

बाहेर ओल्या पायांचा आवाज. अंगणात कुणीतरी उभं — डावा खांदा —

अक्का दारात आल्या. पेटी छातीशी, माझ्याकडे रोखलेली. बोट अगदी जागेवर. रडताहेत. इतक्या मायेनं माझ्याशी आजवर कुणी बोललं नाही. “हालू नका, बाई. श्वास धरी ठेवा.”

अक्का, नका, मी तुमच्या मुठीतली —