सगळ्यांची एकच किटली

मंगळवार, ११ डिसेंबर १९७९
विरार

माझा मोठा भाऊ पास्कूदादा मुतखड्यांपायीच गेला. हा आजार रक्तातून येतो, घरातल्या सगळ्यांची लघवी तपासून घ्या, असं डॉक्टर म्हणाले होते. बाबांनी काय केलं, तर डेअरीला दूध नेतात तशी चौघांची एकाच किटलीत गोळा केली. आईची, बहीण मोनीची, माझी, स्वतःची. मीही तशीच किटली उचलून लॅबकडे निघालो.

लॅबवाल्याने नळीत औषधाचे थेंब टाकले आणि नळी जांभळट लाल झाली.

"दोष आहे. कोणाची ही?"

"सगळ्यांची."

"अरे, दूध आहे काय हे? उद्या चार बाटल्या आण, नावं घालून."

घरी सांगितलं तर कोणी कोणाकडे बघेना. मोनीचं लग्न ठरलंय. बाबा म्हणाले, "वेगळं कशाला करायचं? राहू दे एकत्रच."

मोनी म्हणाली, "मग मरायचं पण एकत्रच काय, बाबा?"

चांदीपला वीटभट्टीवर माणसं घेतायत म्हणे. जावं निघून, असं वाटलं. पण जाऊन काय? जे अंगात आहे ते बरोबरच येणार ना.

ती लाल नळी काही डोळ्यांपुढून जात नाही. संध्याकाळी रोझरीच्या प्रार्थनेला बसलो तेव्हाही तीच दिसत होती. माझी नको, एवढंच मी मागत होतो. माझी नको, मग कोणाची चालेल? समोर मोनी गुडघ्यांवर होती, डोळे मिटून. ती दिसत असूनही मी मागायचा थांबलो नाही.