कुमुदिनीच्या वाटीतला थेंब

प्रिय द्वारका,

अक्षर वाकडं आलं असेल तर समजून घे. शाई चांगली आहे, पेनाची निब नवी आहे, टेबलही हलत नाही. हलतोय तो माझा हात, आणि सकाळपासून थांबलेला नाही. आज आपली विमल बागेतल्या तळ्यात उतरली. उद्या सकाळी पुन्हा उतरणार म्हणते. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगू?

तू म्हणशील, एवढं काय त्यात, पोट्टी मोठी झाली आता. झाली खरी. पण तळ्यातलं पाणी कंबरेइतकं आहे हे सगळं वाशीम सांगतं. खालचा गाळ किती, हे कुणी सांगत नाही. मी एकदा बांबू टोचून पाहिला होता. तो जातच राहिला. तेव्हा तुला सांगितलं नाही. तू हसली असतीस, माहेरी केनवडच्या विहिरीत काठावरून उड्या मारणारी तू!

आपले ते दिवस आठवतात का गं? फुलं जेमतेम उघडलेली असायची, आपण बागेच्या फाटकाशी उभे, आणि सुदामजी माळी किल्ल्यांचा जुडगा वाजवत येऊन विचारायचा, "आले काय मास्तर, कमयाचे फोटो काढाले?" मी दर वेळी त्याला सांगायचो की ही कमळं नव्हेत. कमळाचं पान देठावर पाण्याच्या वर उभं राहतं. कुमुदिनीचं पान पाण्यावर पडून असतं आणि त्याला देठापर्यंत एक चीर असते. दिसत कसं नाही लोकांना! आणि तू मागून म्हणायचीस, "अवो, असू द्या न कमय. फुलाले काही फरक पडते काय?"

फुलाला नसेल पडत. मला पडतो.

तसाच तो थेंब. कुमुदिनी पहिल्या सकाळी उघडते तेव्हा तिच्या मधल्या पिवळ्या वाटीत पाण्यासारखा रस साठलेला असतो. फक्त पहिल्या सकाळी. दुसऱ्या दिवशी वाटी कोरडी. हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नाही, की कुणा गुरूने शिकवलं नाही. फोटोग्राफी जशी मी फिल्मच्या डब्यातला कागद वाचून शिकलो, तसं हेही पाहून पाहून शिकलो. त्या थेंबात एखादी बारीक माशी उतरली की ती पुन्हा वर येत नाही. इवलासा थेंब, पण माशीला तेवढं पाणी पुरतं. मला त्या थेंबाचा फोटो हवा होता, लख्ख, काठ दिसेल असा. तो काठावरून मिळत नाही. पाण्यात उतरून फुलावर ओणवं व्हावं लागतं.

माझी सगळी कारागिरी तू पाहिलीस. चष्म्याची जुनी काच पुठ्ठ्याच्या कड्यात बसवून कॅमेऱ्यापुढे लावली, म्हणजे जवळचं स्पष्ट यावं. कॅमेऱ्याला दोरा बांधला, दोऱ्याला गाठ. गाठ पाकळीला टेकली की अंतर बरोबर; मग दोरा बाजूला करायचा आणि खटका दाबायचा. तो दोरा तूच मेण लावून दिला होतास. आणि माझ्या कंबरेला बाजेची जुनी नवार बांधून दुसरं टोक हातात धरून तू पायरीवर उभी राहायचीस.

काय हसायचे लोक! सुदामजी तर ओरडायचाच, "वहिनी, मास्तराले बांधून काहून ठेवलं वो? पळून जातीन काय?"

"पळले तं पळू द्या भाऊ," तू म्हणायचीस, "क्यामेरा तं वाचीन!"

मी रागावलेला चेहरा करून पाण्यात उतरायचो. तो चेहरा खोटा होता, द्वारका. मला पाण्याची भीती वाटते. लिहिलं एकदाचं! लहानपणापासून वाटते. पाय ओले झाले की गुडघ्यातलं बळ जातं. हे मी आईला सांगितलं नाही, मित्रांना नाही, तुलाही नाही. फोटोच्या दुकानावर स्वतःच्या हाताने पाटी रंगवणारा माणूस, सगळ्या गावाला कमळ आणि कुमुदिनी यांतला फरक शिकवणारा, त्याने कंबरेइतक्या पाण्याला भ्यावं?

आणि तुझं ते हळदीकुंकू! मी उतरण्याआधी तू शेवटच्या पायरीवर पाण्यातल्या साती आसरांसाठी हळदीकुंकू वाहायचीस. डोळे मिटून पुटपुटत बसायचीस, बसायचीस, उठायचं नावच नाही. मी करवादायचो, "अगं, उजेड चालला! पांढरी पाकळी ऊन चढल्यावर करपते फिल्मवर. पाण्यात कुणी बाया राहत नाहीत." तू अजून थोडी बसायचीस.

माझा थेंब मात्र दर वेळी हललेला यायचा. पाकळ्या धूसर, वाटी धूसर. मी निगेटिव्ह उजेडात धरून म्हणायचो, "वारा होता." तू म्हणायचीस, "हो, वाराच होता."

मग तू गेलीस. मुदतीचा ताप होता, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, मला ते पाठ आहे. पण तुझ्या तेराव्याला जमलेल्या बायका आपसात बोलत होत्या. "रोज जाऊन पान्याचे फोटो काढाचे म्हनजे काय? आसरानं नेली तिले." मी बाहेर येऊन त्यांना गप्प केलं. फार तावातावाने बोललो. बोलून आत गेलो, नवार गुंडाळून खुंटीला टांगली आणि पुन्हा तळ्याकडे फिरकलो नाही. एवढा शहाणा माणूस! खरं सांगू? मला वाटायला लागलं होतं की पाण्यात खरंच कुणीतरी आहे, आणि त्यांना मी हवा होतो.

विमल गेलं वर्षभर मागे लागली होती. अंधाऱ्या खोलीतलं काम तू तिला शिकवलंस, बाकीचं तिने माझ्याकडून उचललं. तिला तोच फोटो काढायचा आहे. मी कधी म्हणालो वारा आहे, कधी म्हणालो फिल्म मिळत नाही, कधी म्हणालो पोरीच्या जातीने बागेत ओल्या लुगड्याने उभं राहू नये. काल संध्याकाळी भाकरी वाढता वाढता तिने सरळ विचारलं, "बाबा, तुमाले भेव वाटते काय?"

मी ताट सरकवून उठलो.

आज उठलो तर खुंटी रिकामी! नवार नाही, कॅमेरा नाही, पोरगी नाही. चपला घातल्या की नाही आठवत नाही. फाटकातून आत शिरलो, तळ्याच्या पायऱ्या दिसल्या, आणि द्वारका, ऐक, मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही: मी पोरीच्या आधी पायरी पाहिली. हळदीकुंकू वाहिलंय का, ते पाहिलं.

पायरी कोरडी होती.

मग विमल दिसली. काष्टा घातलेला, कंबरेइतक्या पाण्यात, फुलावर ओणवी. नवारीचं दुसरं टोक तिने कठड्याच्या लोखंडाला बांधलेलं. सुदामजी बिडी हातात विझवून उभा. मला पाहून हळूच म्हणाला, "म्या लय सांगतलं मास्तर, आयकत नाही. मायवरच गेली."

हाक मारावी तर ती दचकेल. दचकली तर पाय सरकेल, आणि तो बांबू माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी आवाज न करता कठड्याची गाठ सोडली आणि टोक हाताला गुंडाळलं. घट्ट. इतकं घट्ट की बोटं पांढरी झाली.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की नवार धरली की काय काय कळतं! तिने अंगठा रोवला, ते कळलं. गाळात टाच खचली, तेही कळलं. श्वास रोखला, तोसुद्धा हातात आला. म्हणजे एवढी वर्षं तुझ्या हातात माझे लटपटणारे गुडघे येत होते? सगळेच्या सगळे?

एवढ्यात ती मागे न पाहता म्हणाली, "सुदामजी, ढील द्या जराशी. फूल हातभर दूर आहे."

तिला वाटलं सुदामजीने धरलं आहे. मी बोललो नाही आणि ढीलही दिली नाही. देताच येईना! सुदामजी कानाशी येऊन कुजबुजला, "द्या न मास्तर. पोट्टी ताणून पडीन अशानं." त्याचं खरं होतं. मी जितकं आवळत होतो तितका तिचा तोल जात होता. मी डोळे मिटले आणि हातभर नवार सोडली. तेवढ्या वेळात मी साती आसरांना काय काय कबूल केलं, ते तुला त्याच सांगतील.

खटका वाजला. तिने मान वळवली, माझा चेहरा पाहिला आणि बाहेर आली.

घरी येताना मी पुष्कळ बोललो. काय काय बोललो ते लिहीत नाही. शेवटी तोंडातून निघून गेलं, "पायरीवर कुंकू तरी वाहायचं होतंस!"

ती रस्त्यातच थांबली. "बाबा, तुमी म्हनून राह्यले हे?" मग हसू आवरून, हळू आवाजात म्हणाली, "मले काय गरज? आई म्हने, तुह्या बाबाचे पाय लय थरथरतात. ते थांबत नाही तवरक मी आसराले हात जोडून बसते."

द्वारका! म्हणजे ते पुटपुटणं माझ्यासाठी होतं? मी उजेडाच्या नावाने ओरडत होतो आणि तू तिथे बसून माझे गुडघे शांत होण्याची वाट पाहत होतीस? एकदा तरी म्हणायचंस! नाही म्हणालीस ते बरं केलंस. म्हणाली असतीस तर मी भांडलो असतो आणि तसाच पाण्यात पडलो असतो. पण मग आसरांना तू मानत होतीस की नाही? हे आता कुणाला विचारू? मला ते कळायला हवं आहे, कारण उद्या सकाळी माझी पोरगी त्याच पाण्यात उतरणार आहे.

दुपारी फिल्म धुतली. ओली निगेटिव्ह मी स्वतः खिडकीशी धरली, भिंगाने पाहिली. वाटी लख्ख आहे. थेंबाचा काठ केसासारखा बारीक उमटला आहे, आणि त्यावर बसलेली माशी, तिचे पायसुद्धा मोजता येतात. विमल विचारत होती, "बाबा, बरा आला न?" मी म्हणालो, "ठीक आहे." वारा आजही होता गं. पिंपळाची पानं सळसळत होती, मी पाहिलं होतं.

तिला आता तेच फूल दुसऱ्या सकाळचं हवं आहे. कोरड्या वाटीचं. एक फोटो काढून दोन्हींतला फरक कसा कळेल, म्हणते. बोलणं बरोबर आहे. माझ्याकडूनच शिकली आहे, नाही कसं म्हणू?

पण मला भीती वाटते. आज पाय सरकला नाही, म्हणून उद्या सरकणार नाही असं थोडंच आहे? तू असतीस तर उडी मारून तिला काढली असतीस. मी काय करणार? मी पायरीवर उभा राहून बुडेन. म्हणून सुदामजीला निरोप धाडला आहे की पोहता येणारा एक माणूस घेऊन ये. कारण काय सांगू, असं त्याच्याकडून विचारणं आलं. मी चिठ्ठीत लिहून दिलं: मला पाण्याची भीती वाटते, आणि मला पोहता येत नाही. खाली सही केली. गावभर होईल. होऊ दे.

आणि तुला वचन देतो. उद्या नवार मी धरीन, दुसऱ्या कुणाला देणार नाही. विमल मागेल तितकी ढील तिला देईन, मागेल तेव्हा देईन. माझे हात थरथरतील. ते नवारीतून तिला कळेल. मी लपवणार नाही.

तुझाच,
विमलचे बाबा