पालट ए, एंटर

२ मार्च, रविवार. सकाळी ९
घरात लॅपटॉप एक, माणसं चार. आज डेस्कटॉप उघडला आणि किळस आली. आप्पांचे सुप्रभातचे गुलाब, बायकोच्या, म्हणजे चारूच्या, शाळेच्या 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरी फायनल' फायली, लेकीच्या, अस्मिताच्या, बारावीच्या नोट्स, सगळं एका ढिगात. स्पेसबारखाली चिवड्याचा दाणा. कळंबच्या एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळणाऱ्या माणसाच्या घरी ही अवस्था! शी.
निश्चय: कमांड लाइनचं टूल लिहायचं. नाव 'पालट'. काळ्या खिडकीत पालट आणि आपलं नाव टाइप केलं की ज्याच्या त्याच्या फायली समोर. माउसला हात लावायचा नाही. माउस ही आळशांची सोय आहे.

४ मार्च
टूल तयार. प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये शिस्तीत एकसारखी नावं दिली: फोटो, सही, आधार.
आप्पा म्हणजे माझे वडील, रिटायर्ड गणित मास्तर. त्यांनी विचारलं, ह्या काळ्या पाटीवर लिहायचं कुठं? बायको म्हणाली, माझ्या वर्गाची हजेरी कुठं गेली ते आधी सांगा. तिच्याच प्रोफाइलमध्ये सुरक्षित होती. तिला स्वतःच्या नावाचं स्पेलिंग येईना, त्याला मी काय करू? (चारुशीलामध्ये डबल ई. मी ठरवलं होतं. सांगायचं राहिलं.)

६ मार्च
आप्पा एकेक अक्षर हुडकतात. नाव टाइप होईपर्यंत चहा गार. बघवत नाही. सुधारणा केली: नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर पुरे. पालट ए टाकून बघितलं, आप्पांचं लगेच उघडलं. टेस्टिंग पूर्ण.

९ मार्च, रविवार
अस्मिताच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म. शेवटचा दिवस. स्वतः भरते म्हणत होती. म्हटलं, तू अभ्यास कर. पालट ए, एंटर. फोटो अपलोड, सही अपलोड. काम फत्ते. प्रिव्ह्यू बघा म्हणून वेबसाइट तीनदा विनवत होती. असल्या भित्र्या वेबसाइटींचा तिटकारा आहे मला.

१८ एप्रिल, शुक्रवार
हॉल तिकीट आलं.
नाव अस्मिताचं. फोटो आप्पांचा, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी काढलेला, टोपीसकट. खाली त्यांचीच सही.
अस्मिता आधी हसली. मग हसता हसता रडायला लागली. दोन वर्षं पोरगी पहाटे उठून अभ्यास करतेय. आप्पा म्हणाले, मी बसतो की परीक्षेला, गणितं अजून सुटतात. चारू हसली नाही. दुरुस्तीची मुदत कधीच संपलीय.
नीट पाहिलं तर चूक टूलची नाही. एका घरात ए वरून दोन नावं ठेवायचीच कशाला? आणि अस्मिता हे नाव आप्पांनीच सुचवलं होतं.

२२ एप्रिल, मंगळवार
परीक्षा. दोघी सकाळच्या एसटीनं धाराशिवला गेल्या. सोबत आधार, प्राचार्यांचं पत्र, चार फोटो. म्हटलं, मी येतो, तांत्रिक बाजू समजावून सांगतो. चारू म्हणाली, तुम्ही घरीच थांबा, लई उपकार होतील.
दुपारी फोन आला. सेंटरवरच्या बाईंनी हॉल तिकीट बघितलं, अस्मिताला बघितलं, परत हॉल तिकीट बघितलं. हमीपत्र लिहून घेतलं आणि सोडलं आत. वीस मिनिटं गेली. शेवटची सहा गणितं राहिली.
संध्याकाळी मी खिचडी केली होती. अस्मितानं ताट बाजूला सारलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.
पालटच्या पुढच्या आवृत्तीत दोन अक्षरं सक्तीची करतो.

२७ एप्रिल, रविवार. दुपारी ३
लॅपटॉप उघडला तर स्क्रीनवर चार नावं. ज्याच्या त्याच्या नावावर क्लिक केलं की ज्याचं त्याचं उघडतं. अस्मितानं दहा मिनिटांत केलं म्हणे. ही सोय लॅपटॉपमध्ये पहिल्यापासूनच होती म्हणे. आप्पा एका क्लिकमध्ये आत, गुलाब पाठवून मोकळे. चारूची हजेरी भरून झाली. अगदीच बाळबोध प्रकार.
माझं नाव शेवटी. पालट पुन्हा बसवायला गेलो तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोण, तर आप्पा.
त्यांना विचारलं. म्हणाले, अस्मिताला विचारून सांगतो.
ती क्लासहून सहाला येते. बसलोय.