सूनबाईच्या सायकलला चार पिस्टन

रविवार, ३ मे. सकाळी.
निर्णय झाला. सूनबाईच्या सायकलचे ब्रेक मी स्वतः बदलणार.

सायकल म्हणजे साधीसुधी नव्हे. इलेक्ट्रिक, मालवाहू, पुढे लाकडी खोका. खोक्यात दोन खुर्च्या एकीवर एक पालथ्या मावतात. सूनबाई जुन्या खुर्च्या-सोफ्यांना नवं कापड चढवते. मागच्या खोलीत तिचं वर्कशॉप. घर टेकाडावर, गिऱ्हाइकं सगळी खाली. काल उतारावर छोटा सोफा घेऊन चालली होती. ब्रेक दाबले. सायकलने ऐकून घेतलं, पण मनावर घेतलं नाही. पाय घासत घासत थांबली ती थेट बेकरीच्या काचेशी. सोफ्याचा पाय काचेला टेकला, एवढंच. हे तिने जेवताना इतक्या शांतपणे सांगितलं, की आमच्या चिरंजीवांनी ऐकून मीठ मागितलं.

मग चिरंजीव म्हणाले, दुकानात टाकू. मी हात वर केला. उभा जन्म मी लिफ्टच्या कंपनीत काढला. लिफ्ट म्हणजे काय? खोका आणि ब्रेक. ही म्हणाली, तुम्ही तक्रारींच्या फोनवर होतात. बरोबर. ब्रेक न लागल्याची जेवढी वर्णनं मी ऐकली, तेवढी कुठल्या इंजिनिअरने ऐकली असतील?

नुसते बदलणार नाही. अपग्रेड. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, चार पिस्टन, चाकाला मोठ्या डिस्क. वेळ: एक दुपार. चहा धरून.

सोमवार, ४ मे.
व्हिडिओ पाहिला. तो माणूस अकरा मिनिटांत ब्रेक बसवतो. त्यातली चार बडबडीत जातात. मी काम करताना बोलत नाही. म्हणजे सात. हिला हे समजावून सांगायला पाऊण तास लागला.

गुरुवार, ७ मे.
पार्सल आलं. सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलं. डिस्क खिडकीशी धरून पाहिली. इतकी देखणी वस्तू या घरात आजवर आली नव्हती, असं मोठ्याने म्हणालो. ही खोलीतच होती, हे नंतर लक्षात आलं.

उन्हात काम नको म्हणून सायकल हॉलमध्ये घेतली. चिरंजीवांनी मागून ढकललं, मी पुढून मार्गदर्शन केलं. खोका थोडा खरवडला, दार थोडं खरवडलं. फिट्टंफाट. आता सायकल हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये आडवी आहे. पलीकडे जायचं तर खोक्यात चढायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरायचं. एका दुपारचा तर प्रश्न.

सूनबाईने विचारलं, शनिवारपर्यंत होईल ना. खाली उताराच्या पायथ्याशी दातांच्या डॉक्टरीणबाईंचं क्लिनिक आहे, त्यांच्या वेटिंग रूमच्या आठ खुर्च्या पोचवायच्या आहेत. म्हटलं, शनिवार कशाला, आज संध्याकाळी घे.

संध्याकाळी.
जुने ब्रेक काढले. काढणं म्हणजे निम्मं काम. उरलं फक्त निम्मं.

शुक्रवार, ८ मे.
एक शोध लागला. चाक काढलेलं असताना ब्रेकचा लिव्हर दाबायचा नसतो.

चिरंजीव ऑफिसला निघाले होते. त्यांना थांबवून दाखवलं, बघ, किती हलका चालतो, लोण्यासारखा. तीनदा दाखवला. डिस्कला दोन्हीकडून धरणारे पॅड एकमेकांना जे चिकटले ते सख्ख्या भावांसारखे. मधून डिस्क जाईना. कागद जाईना. शेवटी हिचं उलथणं घातलं आणि पिळलं. पॅड सुटले. उलथणं आहे, पण आता ते जरा एका बाजूला कललंय. हिचं म्हणणं, तुमचं काम उलथण्याने केलं, आता उलथण्याचं काम कोण करणार?

मागचा ब्रेक मात्र बसला. एका दुपारच्या हिशेबात थोडी दुपार उरलीय.

रविवार, १० मे.
शनिवार येऊन गेला. त्यात माझा दोष नाही. पुढच्या ब्रेकचा तेलाचा पाइप आखूड निघाला.

साध्या सायकलला हँडल आणि पुढचं चाक शेजारी-शेजारी राहतात. इथे मध्ये खोका. पाइप हँडलपासून निघतो तो खोक्याच्या मध्यापर्यंत येऊन दमतो. पार्सलवर लिहिलं होतं म्हणे. पार्सलवर बरंच काही लिहिलेलं असतं.

चहा पिताना कल्पना सुचली. अशा कल्पना रोज सुचत नाहीत, म्हणून लिहून ठेवतो. पाइप हँडलपर्यंत पोचत नसेल, तर लिव्हर खोक्यावरच बसवायचा. सूनबाई मागे चालवेल, मी खोक्यात बसेन. ती म्हणेल ब्रेक, मी दाबेन. जहाज एकटा माणूस चालवतो का? तिची सोबत झाली, माझी हवापालट झाली.

लिव्हर खोक्याच्या काठावर बसवून टाकला. सुंदर दिसतोय.

मंगळवार, १२ मे.
सूनबाईने कल्पना पूर्ण ऐकून घेतली. मग विचारलं, बाबा, तुम्ही खोक्यात बसलात तर खुर्च्या कुठे ठेवायच्या? या मुद्द्यावर विचार चालू आहे.

तोपर्यंत तिने वेगळाच मार्ग काढला. खुर्च्या चालत नेते. एक तिच्या डोक्यावर, एक हिच्या. दोघी सासू-सुना, डोक्यावर खुर्च्या, उताराने चालल्या. मी खिडकीतून पाहिलं. हिच्या गुडघ्याचं मला वाईट वाटलं, पण ही परत आली ती गालात हसत. वाटेत दम लागला की ही खुर्ची रस्त्याच्या कडेला मांडते आणि तिच्यावरच बसते. चष्मेवाल्यापाशी बसली, धोबिणीपाशी बसली, बेकरीसमोर तर बराच वेळ बसली. बेकरीवालीने पाणी आणून दिलं आणि खुर्चीला हात लावून पाहिला.

हिला चाळीस वर्षांत मी इतकी माणसं भेटवली नसतील. याचं श्रेय कोणाला, हे हिने बोलून दाखवलं नाही.

नवीन लांब पाइप मागवला. लिव्हर काढला. खोक्याच्या काठाला दोन भोकं राहिली. हवा खेळती राहील.

शनिवार, १६ मे. दुपारी.
लांब पाइप आला. बसवला. आता फक्त ब्लीडिंग. म्हणजे पाइपात हवा राहिलेली असते, ती काढायची आणि तेल भरायचं. दोन्ही टोकांना एकेक सिरिंज. एक ढकलायची, दुसरी भरत जाते. पोरखेळ आहे.

दुपारीच, नंतर.
खालची सिरिंज नीट घट्ट बसलेली नव्हती. मी वरची जोरात ढकलली.

तेल उडालं. भिंतीवर थोडं, माझ्या चष्म्यावर थोडं. बाकीचं डॉक्टरीणबाईंच्या शेवटच्या खुर्चीवर. फिक्या निळ्या रंगाचं कापड. सूनबाईने कालच चढवून खुर्ची हॉलमध्ये ठेवली होती, कारण वर्कशॉपमध्ये धूळ असते.

खुर्ची भिंतीकडे तोंड करून फिरवून ठेवली. मग वाटलं, अशी ती जास्तच नजरेत भरते. परत फिरवली. उशी ठेवली. मग उशीला डाग पडला.

रविवार, १७ मे.
सूनबाईने उशी उचलून पाहिली. मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिने खुर्ची उचलून मागे नेली. थोड्या वेळाने खिळे उपटल्याचा आवाज यायला लागला. टक, टक, टक. खुर्चीभोवतीचा एकेक बारीक खिळा ती काढत होती. दार थोडं उघडं होतं. कापड उतरवून तिने घडी घातली, जणू ते अजून उपयोगाचं आहे.

मी चहा करून नेला. दारातच ठेवला आणि परतलो.

आज सायकलला हात लावला नाही. विश्रांतीचा दिवस.

गुरुवार, २१ मे.
पुन्हा उत्साह. तेल भरलं, हवा गेली, लिव्हर कडक लागतो. दोन्ही चाकं जागेवर. सायकल हॉलमधून बाहेर काढली. घर एकदम रिकामं वाटलं; ही दुपारभर सवयीने मधोमध पाय उंच टाकून चालत होती.

फक्त एक गोष्ट. ब्रेक दाबले की किंचाळतात. शेजारचा कुत्रा टेबलाखाली गेला म्हणे. पण यंत्र किंचाळतं कशामुळे? कोरडं पडल्यामुळे. लिफ्टच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. दोन्ही डिस्कना भरपूर तेल लावलं. दोन हात दिले.

किंचाळणं पूर्ण बंद.

मागच्या लेनमध्ये चाचणी घेतली. लेन जराशी उतरती आहे. सायकल रेशमासारखी चालली. गेटपाशी ही उभी होती. थांबा म्हणाली. मी ब्रेक दाबले आणि तिच्यासमोरून निघून गेलो. हात हलवला, म्हणजे मुद्दामच चाललोय असं वाटावं. लेनच्या टोकाला बांधकामाची वाळू पडलेली आहे. वाळू हा एक अतिशय विश्वासार्ह ब्रेक आहे.

ही चालत आली आणि विचारलं, थांबलात का नाही? म्हटलं, थांबायची इच्छा नव्हती.

रविवार, २४ मे.
डिस्कला तेल लावायचं नसतं. हे पार्सलमधल्या कागदावर तिरक्या ठळक अक्षरांत आहे. कागद सूनबाईने वाचला. मी त्याच्यावर नट-बोल्ट ठेवले होते, म्हणून मला दिसला नाही.

आज तिने सगळं काम माझ्या देखरेखीखाली केलं. नवे पॅड तिनेच मागवले होते, मला वाटतं मी सुचवलं असावं. डिस्क स्पिरिटने पुसल्या. ब्रेकचे दोन बोल्ट सैल केले, लिव्हर दाबून धरला, आणि दाबलेला असतानाच बोल्ट आवळले. चाक फिरवलं. कुठे घासण्याचा आवाज नाही. खिळे ठोकायची सवय असल्यामुळे हात स्थिर आहे तिचा. मी टॉर्च धरला होता. एकदा मला टॉर्च थोडा डावीकडे घ्या म्हणाली. मी घेतला. आमची टीम उत्तम जमली.

चहा व्हायच्या आत संपलं. म्हणजे एका दुपारचा माझा अंदाज चुकला नव्हता. दुपार चुकली होती.

सोमवार, २५ मे.
महाचाचणी. पूर्ण उतार, पूर्ण वजन. वजन म्हणून खोक्यात मी बसलो. सूनबाई नको म्हणत होती, गोण्या ठेवू म्हणाली. म्हटलं, गोणी रिपोर्ट देईल का?

निघालो. वारा काय सांगावा. चष्मेवाला बाहेर आला, धोबिणीने इस्त्री उचलून धरली. मी दोन्ही बाजूंना मान हलवत होतो. पायथ्याशी, ठरल्याप्रमाणे, क्लिनिकसमोर, सूनबाईने ब्रेक दाबले.

नोंद: चार पिस्टनच्या ब्रेकने सायकल जागच्या जागी थांबते. खोक्यातला माणूस थांबत नाही.

मी क्लिनिकच्या कुंपणाच्या झुडपात उतरलो. झुडूप दाट आहे, देखभाल चांगली आहे. डॉक्टरीणबाई धावत आल्या, माझं तोंड उघडून दात पाहिले. सगळे जागेवर. तेवढ्यात मागून आवाज आला. मला वाटलं सूनबाई रडतेय. हँडलवर डोकं टेकून ती हसत होती. हसता हसता तिला सायकल धरवेना. मग डॉक्टरीणबाई हसल्या. मग झुडपातून मीही हसलो, कारण एकट्याने गंभीर राहणं बरं दिसत नाही.

ब्रेक उत्कृष्ट. मनगट थोडं सुजलंय. सूनबाईने पट्टी बांधली. खुर्चीवर चढवलेल्या कापडासारखी बसलीय, सुरकुती नाही.

सोमवार, १ जून.
जेवताना सूनबाईने बातमी सांगितली. खाली, बेकरीच्या शेजारचा गाळा तिने भाड्याने घेतला. वर्कशॉप तिकडे जाणार.

मला काही कळेना. ही सांगायला लागली. दोघी खुर्च्या डोक्यावर घेऊन जात होत्या तेव्हा वाटेत जो तो खुर्चीवर हात फिरवून पाहायचा. बेकरीवालीने बाकांचं काम दिलं. चष्मेवाल्याने त्याच्या स्टुलांचं दिलं. धोबिणीच्या जावेकडे एक सोफा निघाला. रिकामा गाळाही बेकरीवालीनेच दाखवला. आता सगळी कामं त्याच रस्त्यावर. लोक खुर्ची उचलून आणतील, उचलून नेतील. ऑर्डरी ही घेणार.

मी विचारलं, मग उतारावरून माल कोण नेणार?

सूनबाई म्हणाली, "आता उतारावरून काही न्यायचंच नाही, बाबा."

चिरंजीवांनी मीठ पुढे केलं. मी मागितलं नव्हतं.

बुधवार, ३ जून.
शांतपणे विचार केला. सगळ्याचं मूळ काय? सायकल हॉलमध्ये होती. ती हॉलमध्ये कोणी ठेवली? हे हिला सांगितलं. ही म्हणाली, तुम्हाला एक हार आणते. अजून आणलेला नाही.

सोमवार, १५ जून.
गाळा सुरू झाला. सायकल बाहेर उभी केलीय, खोक्यावर पाटी रंगवून लावलीय. पुढचा लिव्हर दोरीने दाबून बांधून ठेवलाय. जागची हलत नाही. असा ब्रेक या रस्त्यावर दुसरा नाही.

मी म्हटलं, कामाला मीही येणार. पान्हे घेऊन गेलो. सूनबाईने पान्ह्यांची पेटी माझ्या हातातून हळूच घेतली, बेकरीवालीकडे ठेवायला दिली. मग दर्शनी बाजूला एक खुर्ची मांडली. कुणाच्या तरी घरातून मोडकी विकत आणलेली, आता गडद हिरवी, पितळी खिळ्यांची. म्हणाली, खुर्चीवर माणूस बसलेला दिसला की लोक आत येतात.

"तुम्ही फक्त बसायचं, बाबा. हात मांडीवर."

पद जबाबदारीचं आहे. सकाळपासून बसलो. पाठ ताठ, चेहरा समाधानी. येणारे-जाणारे बघत होते. एक बाई रस्त्यावरून परत फिरून आत आल्या, माझ्याभोवती एक चक्कर मारली, मागे वाकून पाहिलं. मला म्हणाल्या, आरामशीर आहे का. मी म्हटलं, सर्वोत्तम. हिच्याशी त्या दोन शब्द बोलल्या.

खुर्ची विकली गेली. उभा आहे.